बाग, व्यायाम आणि स्वसंरक्षण : घराच्या तयारीत आधी काय, किती आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसं, त्यांत दोन शाळकरी मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. वर १०० चौरस फुटांची मोकळी गच्ची. नवरा-बायकोकडे आठवड्याला प्रत्येकी पाच तास. बियाण्यांची पंचवीस पाकिटं आणून झाली आहेत, व्यायाम सुटलेला आहे आणि स्वसंरक्षणाच्या वर्गाची चौकशी चालू आहे. अडचणीच्या दिवसांत घर आपल्या बळावर निभावून न्यायचं तर यातलं आधी काय धरावं, आणि गच्चीतल्या भाजीवर घर किती दिवस चालेल?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी, कारण बाकीचा हिशोब त्यावर बसतो. १०० चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. चालायला आणि पाणी घालायला वाट सोडली की लागवडीला सहा चौरस मीटर उरतात. त्या सगळ्या जागेत रताळी लावली, ती उत्तम आली आणि चौरस मीटरला दोन किलो निघाली असं धरू. चार महिन्यांनी हातात १२ किलो. १०० ग्रॅम रताळ्यात सुमारे ८६ किलोकॅलरी, म्हणजे एकूण १०,३०० च्या आसपास. माणशी २००० धरल्या तर पाच जणांना दिवसाला १०,००० लागतात. म्हणजे पूर्ण गच्चीचं चार महिन्यांचं पीक एका दिवसात संपतं. पालेभाजीत तर १०० ग्रॅमला २० ते २५ किलोकॅलरीच असतात, त्यामुळे पोट भरण्याच्या बाबतीत ती हिशोबात धरूच नये.

पोट भरणार ते कोरड्या साठ्याने. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ८० ग्रॅम डाळ आणि ३० ग्रॅम तेल धरलं की १९०० च्या वर किलोकॅलरी होतात. पाच माणसं, पंधरा दिवस : ३० किलो धान्य, ६ किलो डाळ, अडीच लिटर तेल. हे सगळं एका कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत मावतं. नवीन आणलेलं मागे ठेवायचं आणि पुढचं आधी वापरायचं. साठा वेगळा ‘आणीबाणीसाठी’ म्हणून बांधून ठेवला की त्याला कीड लागते आणि ते दोन वर्षांनी लक्षात येतं. डाळी निवडताना इंधनाचाही विचार करा. सोललेल्या, फोडलेल्या डाळी लवकर शिजतात. राजमा ठेवणार असाल तर तो भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळावाच लागतो. इंधन वाचवायला मंद आचेवर अर्धवट शिजवला तर त्यातलं विषारी लेक्टिन नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब सुरू होतात.

मग बाग कशासाठी? साठ्यात जे नसतं त्यासाठी. धान्य-डाळ-तेलात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, अ जीवनसत्त्वाचा पुरवठाही तोकडा पडतो. पानांत दोन्ही भरपूर असतात. शिवाय बी उगवण्यापासून कीड ओळखण्यापर्यंतची नजर वर्षभर हात मातीत असल्याशिवाय येत नाही. संकट आल्यावर पाकीट फोडून ती येणार नाही. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण इथे आहे. बाग, व्यायाम आणि स्वसंरक्षण ही तीन वेगळी कामं समजून तुम्ही त्यांची रांग लावताय, पण तिघांचा मापदंड एकच हवा : आपल्या घरावर बहुधा काय येईल, आणि त्या दिवशी कोणत्या माणसाला काय करता यायला हवं?

बहुतेक घरांवर येतं ते असं. पाणी किंवा वीज एक ते तीन दिवस बंद. बाहेरचा पुरवठा आठवडा-दोन आठवडे विस्कळीत. घरातलं कुणीतरी पडलं, आजारी झालं, त्याला उचलून खाली न्यायचं आहे. रस्त्यात किंवा दारात कुणी अंगावर आलं. या क्रमाने बघितलं तर पाणी आणि शरीर आधी येतं, बाग त्यानंतर. स्वसंरक्षणाला वेळ सगळ्यांत थोडा लागतो, पण तो दर आठवड्याला न चुकता द्यावा लागतो. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर ठरेल : गच्चीवर ऊन किती, स्लॅबची ताकद किती, कुणाचे गुडघे-कंबर-रक्तदाब कसे, आणि बळाच्या वापराबद्दल तुमच्याकडचा कायदा काय सांगतो. त्या त्या ठिकाणी ते सांगेन.

पाण्यापासून सुरुवात करा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज किमान ४ लिटर धरा. पाच जण, तीन दिवस : ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. अंगधुणी, भांडी आणि शौचालय धरून मदतकार्यातला किमान मापदंड माणशी रोज १५ लिटरचा आहे, तेव्हा वापराच्या पाण्याचा वेगळा साठा ठेवता आला तर उत्तम. कॅन खाद्यपदार्थांसाठीचेच घ्या, पूर्वी रसायन असलेला कितीही धुतला तरी नको. सावलीत ठेवा, दर सहा महिन्यांनी पाणी बदला, जुनं झाडांना घाला. शंकास्पद पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावं, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. उकळणं शक्य नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं घरगुती ब्लीच लिटरला २ थेंब घालून ३० मिनिटं थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून ४ थेंब. यांतल्या कशानेही बहुतेक जंतू मरतात. पाण्यात मिसळलेलं रसायन किंवा जड धातू जात नाहीत.

आणि इथेच बागेची दुसरी बाजू दिसते. कडक उन्हात कुंड्यांतल्या लागवडीला चौरस मीटरला रोज ४ ते ५ लिटर पाणी लागतं. सहा मीटरला २५ ते ३० लिटर. तुमच्या पाच जणांना पिण्या-रांधायला लागतं २० लिटर. म्हणजे टंचाईच्या दिवशी बाग घरापेक्षा जास्त पाणी पिते. म्हणून कोणत्या कुंड्या जगवायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या हे आधीच ठरवून ठेवा. माझा क्रम : बियांसाठी राखलेली झाडं आणि बहुवर्षायू झाडं आधी, फळावर आलेली मिरची-टोमॅटो नंतर, पालेभाजी सगळ्यांत शेवटी, कारण ती कापून खाता येते आणि महिन्याभरात पुन्हा पेरता येते. मातीवर पाच सेंटीमीटर सुक्या पानांचं आच्छादन ठेवलं तर पाण्याची गरज चांगलीच घटते. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल वापरा. साबणाचं पाणी पानांवर नको, आणि कच्ची खायच्या भाजीला तर नकोच.

आता गच्चीची ताकद. हा भाग लोक शेवटी बघतात, तो पहिला बघायचा असतो. बागेची ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे भरते. २० सेंटीमीटर खोलीचा वाफा केला तर चौरस मीटरला २०० लिटर माती, म्हणजे ३०० किलो आणि वर. घरांच्या गच्च्या साधारण १५० ते २०० किलोच्या आसपासचा वापराचा भार धरून बांधलेल्या असतात. तेव्हा सलग वाफा घालू नका. सुट्या कुंड्या किंवा ग्रो बॅगा घ्या, त्या भिंतीच्या कडेला आणि खाली तुळई आहे तिथे ठेवा, मध्यभाग मोकळा सोडा. इमारत जुनी असेल किंवा छत कुठे गळत असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही कुंडी वर नेऊ नका. कुंड्यांखाली विटा ठेवून दोन बोटं जागा सोडा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि स्लॅब सुकेल.

भरायला हलकं मिश्रण करा : एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी भिजवून, पिळून, दोनदा धुऊन घ्या, कारण त्यात बरेचदा क्षार असतात आणि रोपांची पानं कडेने करपतात. ताजं शेण घालू नका, ते कुजताना मुळं भाजतात. पालेभाजीला १५ ते २० सेंटीमीटर खोली पुरते, मिरचीला १० ते १२ लिटरची कुंडी, टोमॅटोला २० लिटरची. फळं धरणाऱ्या झाडांना रोज सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांवरही निभावते. गच्चीवर सावली असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा.

पंचवीस पाकिटांतली पाच निवडा : ऋतूप्रमाणे दोन पालेभाज्या, एक मिरची, एक टोमॅटो, एक घेवडा. उन्हाळ्यात माठ किंवा राजगिरा चांगला येतो. पालक आणि कोथिंबीर उष्णतेत लगेच फुलावर जातात, त्यांना थंडी द्या. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरा, त्याहून खोल गेलं तर वर येण्याआधीच दम संपतो. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाका करा. सगळं एकाच दिवशी पेरू नका. दर दोन आठवड्यांनी एक-एक पट्टा पेरलात तर सतत कापणी मिळते. कापताना खाली पाच सेंटीमीटर खुंट सोडला की दोन-तीनदा फुटवे येतात. असं नीट बसल्यावर सहा मीटरांतून महिन्याला सहा ते नऊ किलो पाला निघावा, म्हणजे रोज माणशी ४० ते ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, त्याच्या तुलनेत हे थोडं आहे. पण बाजार बंद असताना जेवणात हिरवं काहीच नसणं आणि एवढं असणं यांत मोठा फरक आहे.

उरलेली पाकिटं टाकू नका, पण त्यांवर विसंबूही नका. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं, भेंडीचं दोन वर्षांत, पालक-मिरचीचं दोन-तीन, घेवड्याचं तीन, टोमॅटोचं चार, काकडी-भोपळ्याचं चार-पाच. हवाबंद बरणीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवलं तर आयुष्य वाढतं, स्वयंपाकघरातल्या उष्ण-दमट फळीवर झपाट्याने घटतं. दरवर्षी उगवण तपासा : दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा, आठ-दहा दिवसांनी मोजा. सात किंवा जास्त उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, चार-पाच असतील तर दुप्पट पेरा, तीनहून कमी असतील तर ते पाकीट संपलं. बी घरी धरायचं असेल तर पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ१’ लिहिलेलं नको, त्याची पुढची पिढी सारखी येत नाही. सरळ वाणाचे टोमॅटो आणि घेवडा यांपासून सुरुवात करा, कारण त्यांचं परागीभवन बहुतेक स्वतःच होतं. भोपळा-काकडी शेजारच्या वाणाशी मिसळतात. टोमॅटोचा गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, वर तरंगणारं काढून टाका, तळाला बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवा.

बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे, आणि कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्यामुळे. बोट दोन-तीन सेंटीमीटर आत घाला, ओल लागली तर आज पाणी नको. मावा दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नाही आटोक्यात आला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली सौम्य द्रवसाबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

आता शरीर, ज्याला मी तुमच्या पाच तासांतला सगळ्यांत मोठा वाटा देईन. कारण सरळ आहे : पाण्याचा कॅन २० किलोचा असतो, लिफ्ट वीज गेली की बंद असते, आणि जखमी माणसाला उचलायला दुसरं कुणी नसेल तर तुम्हीच असता. बागकामाने व्यायाम होतो का, असा प्रश्न पुढे येईलच. चालणं-वाकणं होतं, ते मध्यम श्रमात धरायलाही हरकत नाही, पण ते एकाच बाजूला झुकून आणि एकाच स्थितीत बसून होतं. ताकद वाढवायला हळूहळू वाढणारा भार लागतो, तो खुरप्याने मिळत नाही.

आधी आज कुठे आहात ते तपासा. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का? १०-१० लिटरच्या दोन बादल्या घेऊन तीन मजले न थांबता चढता येतात का? पाच किलोमीटर तासाभरात, बोलता येईल इतक्या दमात चालता येतं का? यांतलं जे येत नाही तिथून सुरुवात. छातीत दाब, चक्कर, हातात-जबड्यात उतरणारी कळ किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जा. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर सुरू करण्याआधीच विचारा.

आठवड्यात दोन दिवस, ४० मिनिटांचं ताकदीचं सत्र, मध्ये निदान एक दिवस विश्रांती. पाच मिनिटं हातपाय मोकळे करून पुढचं करा. खुर्चीवर बसून-उठून किंवा पूर्ण बैठका, ८ चे ३ सेट. कॅन जमिनीवरून उचलणं, ८ चे ३ : कॅन पायांच्या मध्ये, नितंब मागे नेत कमरेतून पुढे वाकायचं, पाठ सरळ, गुडघे थोडे वाकलेले, उठताना टाचा जमिनीत दाबायच्या. पाठीवर पिशवी घेऊन पायरी चढ-उतार, प्रत्येक पायाने १० चे ३. जोर, आधी भिंतीला, मग टेबलाच्या कडेला, मग जमिनीवर, ६ ते १० चे ३. वजनाची पिशवी कमरेत वाकून पोटाकडे ओढणं, ८ ते १० चे ३. शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन ३० मीटर ताठ चालणं, चार वेळा. हे शेवटचं कधीही गाळू नका. पकड, खांदे, पोट आणि पाय एकदम कामाला लावणारं आणि कॅन वाहण्याच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं काही नाही.

वजनासाठी पाणीच वापरा, एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपं. मात्र मोठा कॅन अर्धा भरून उचलू नका, आतलं पाणी हेलकावतं आणि कंबरेला पीळ बसतो. पाच लिटरचे कॅन पूर्ण भरून घ्या. प्रत्येक सेटच्या शेवटी अजून दोन वेळा जमलं असतं असं वाटेल इथे थांबा. सलग दोन सत्रं सगळे सेट सहज झाले की एक-दोन किलो वाढवा. पहिल्या तीन आठवड्यांत उत्साहाने दुप्पट करणारे चौथ्या आठवड्यात कंबर धरून बसतात, कारण स्नायू लवकर तयार होतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांध्यांना जास्त वेळ लागतो. स्नायू दोन दिवस दुखणं स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी कळ आली तर तो प्रकार त्या आठवड्यापुरता बंद करा.

चालणं आठवड्यात तीनदा, अर्धा-अर्धा तास, त्यांतलं एक पाठीवर पिशवी घेऊन : तीन किलोपासून सुरू करून दोन-तीन महिन्यांत आठ-दहा किलोपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम असं आहे. चालणं, बाग आणि ताकदीची दोन सत्रं मिळून तुम्ही ते गाठता.

सासूबाईंकडे वेगळं लक्ष द्या, कारण त्यांच्या वयात घरातल्या घरात पडणं हा दारातल्या चोरापेक्षा कितीतरी जवळचा धोका आहे. दोन साध्या तपासण्या आहेत. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७९ वयाच्या स्त्रियांमध्ये १० पेक्षा कमी आलं तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. दुसरी : खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तरी तोच अर्थ. उपाय म्हणजे आठवड्यात तीन दिवस, ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद उभं राहणं, टाच-चवडा जुळवत एका रेषेत चालणं आणि तीच खुर्चीची बैठक. सोबत रात्रीचा दिवा, घसरणारी पायपुसणी हलवणं आणि न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा. कुंड्यांची निगा त्यांच्याकडे द्यायची असेल तर कुंड्या कमरेच्या उंचीवर ठेवा.

स्वसंरक्षणाबद्दल आधी एक ठाम मत : घरी चित्रफिती बघून ते शिकू नका. पकड सुटली का हे कळायला समोर खरा विरोध करणारा जोडीदार लागतो. चांगला वर्ग ओळखायच्या खुणा अशा. पहिल्याच दिवशी अंतर, आवाज आणि पळण्याची वाट यांवर बोललं जातं. शिकवणारा हात लावण्याआधी विचारतो. जोडीदार हळूहळू जोर वाढवतो. ‘नको’ म्हटलं की सराव लगेच थांबतो. नुसते हवेतले हातवारे करून घेणारा किंवा चाकू हिसकावण्याच्या हमखास युक्त्या विकणारा वर्ग सोडा.

थोडक्या तासांतही फरक पडतो याला चांगला पुरावा आहे. चार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींवर केलेली चाचणी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. बारा तासांचा कार्यक्रम केलेल्या गटात वर्षभरातल्या बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ९.८ टक्के. त्या बारा तासांत फटके हा अनेक भागांपैकी एक होता. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाकडूनही तो येऊ शकतो हे मान्य करणं आणि मग संकोच न करता आवाज-शरीर वापरणं, हे सगळं त्यात शिकवलं होतं. ओळखीचा माणूस हा मुद्दा मुलांनाही लागू होतो, आणि घरातल्यांशीच तो बोलला जात नाही.

घरी आठवड्यात दोनदा वीस मिनिटं जोडीने एवढंच करा. दोन हातांइतकं अंतर राखून उभं राहणं, तळहात उघडे छातीसमोर, एक पाय किंचित मागे. समोरचा पुढे आला की कोनात मागे सरकून पोटातून आवाज : “मागे व्हा!” आवाजाचा सराव लाजिरवाणा वाटतो म्हणून सगळे टाळतात, आणि ऐन वेळी घशातून शब्द फुटत नाही. मनगटाची पकड सोडवताना सरळ मागे ओढू नका, तिथे समोरच्याची चारही बोटं तुमच्या विरोधात असतात. मनगटाची अरुंद कड त्याच्या अंगठ्याच्या फटीकडे वळवा, कोपर वाकवून त्याच्याकडे न्या आणि त्याच क्षणी पूर्ण अंगाने पाऊल टाका. फटका द्यावाच लागला तर तळहाताच्या टाचेने. सराव नसलेल्या मुठीत करंगळीमागचं हाड मोडतं. मागे पडताना हात मागे टेकू नका, मनगट मोडतं. हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून बसत-लोळत जा. हा पडण्याचा सराव गादीवर, आणि सासूबाईंना यातून पूर्ण वगळा. प्रत्येक सराव समोरच्यापासून पाच पावलं पळून संपवा, म्हणजे सुटल्यावर तिथेच उभं राहायची सवय लागत नाही.

वस्तू मागणाऱ्याच्या हातात शस्त्र असेल तर वस्तू द्या. स्वतःजवळ शस्त्र बाळगू नका : ते हिसकावलं जाऊ शकतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते बाळगणंच गुन्हा आहे. बळाचा वापर धोक्याच्या प्रमाणात असावा आणि धोका टळला की थांबावा, हे तत्त्व बहुतेक कायद्यांत आहे. तपशील तुमच्याकडच्या वकिलाला विचारा. त्रास देणारा घरातलाच माणूस असेल तर यातलं काही पुरणार नाही, तिथे मदत करणाऱ्या संस्था आणि सुरक्षित बाहेर पडण्याचा आराखडा लागतो.

मुलांना तीन गोष्टी पाठ हव्यात. घ्यायला आलेल्याने घरचा परवलीचा शब्द सांगितला नाही तर सोबत जायचं नाही. कुणी ओढलं तर नुसतं रडायचं नाही, “मी यांना ओळखत नाही!” असं ओरडायचं. आणि मोठ्या माणसाने ‘आईबाबांना सांगू नको’ म्हटलेली गोष्ट त्याच दिवशी घरी सांगायची.

वेळेची मांडणी प्रत्येकी अशी बसते : ताकदीची दोन सत्रं ८० मिनिटं, चालणं ९०, बाग रोज १२-१३ मिनिटं म्हणजे ९०, जोडीचा सराव ४०. एकूण ३०० मिनिटं. बाहेरचा वर्ग असेल त्या आठवड्यात घरचा सराव आणि एक चालणं वगळा. सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी, धान्य आणि शरीराच्या तपासण्या, सोबत फक्त चालणं. तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचं एक सत्र आणि चार कुंड्या. दुसऱ्या महिन्यात दुसरं सत्र आणि वर्ग.

तीन महिने झाले की सुटीच्या दिवशी २४ तासांची चाचणी घ्या. नळ बंद आणि दिवे बंद. फ्रिज मात्र चालू ठेवा, तो बंद करून अन्न वाया घालवायची गरज नाही. खरोखर वीज गेली तर दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास अन्न सुरक्षित ठेवतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४, एवढं लक्षात असू द्या. कॅन खालून वर चढवून आणा, साठ्यातलंच शिजवा, बागेतलं हिरवं त्यात घाला, रात्री अंधारात सासूबाईंना शौचालयापर्यंत नेऊन बघा. घरात कोळसा किंवा जनित्र चालवू नका, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणसं दगावतात. दिवसभरात जे कमी पडलं, सापडलं नाही किंवा उचलता आलं नाही ते तिथल्या तिथे वहीत लिहा. पुढच्या तीन महिन्यांचे पाच तास त्या यादीप्रमाणे वाटा : कॅन जड गेला तर ताकदीला, पाणी संपलं तर साठ्याला, हिरवं काही मिळालं नाही तर पेरणीच्या वेळापत्रकाला.